कान देऊन : एकदम पुढे उभे राहिलो आणि शब्दच ऐकू आले नाहीत!

मागच्या वेळी म्हटलं होतं की छोट्या गिगबद्दल, म्हणजे लहान जागेतल्या बँडच्या लाइव्ह कार्यक्रमांबद्दल, काही विचारायचं असेल तर पाठवा, तर बरेच प्रश्न आले, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे गाण्याबद्दल नाहीतच, सोबत आलेल्या मित्रांबद्दल आहेत. चालेल. मी बरीच वर्षं साउंडच्या मिक्सरच्या (सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करायचं ते बटणांचं टेबल) मागे उभी असते, म्हणजे काहीतरी वाईट वाजलं की सगळी गर्दी मान वळवून ज्या बाईकडे बघते ती मी. त्यामुळे तिथून जे दिसतं तेच सांगणार.

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण एका इंडी बँडच्या गिगला गेलो होतो. शंभरेक माणसं मावतील एवढीच जागा. लवकर जाऊन स्टेजला अगदी चिकटून उभे राहिलो. गिटार आणि ड्रम नुसते अंगावर येत होते पण गायिका काय म्हणतेय त्यातला एक शब्द कळला तर शपथ. आमची एक मैत्रीण उशिरा आली म्हणून मागेच राहिली, ती म्हणते तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं, आणि आम्हाला गाणं कळतच नाही. त्यावरनं घरी येईपर्यंत भांडण. साउंडवाल्याची चूक होती की आमची? (पहिली रांग)

उत्तर : मैत्रिणीला ऐकू आलं हे खरं आहे, तुम्हाला गाणं कळत नाही हे खोटं आहे. तुमची उभं राहायची जागा चुकली, बस.

छोट्या खोलीत आवाज दोन वाटांनी येतो. एक थेट स्टेजवरून, म्हणजे ड्रम, गिटारचा अँप (आवाज मोठा करून बाहेर सोडणारा तो खोका), बेसचा अँप. दुसरा पीएमधून, म्हणजे स्टेजच्या दोन बाजूंना जे मोठे स्पीकर लावलेले असतात त्यातून. मोठ्या मैदानात जवळजवळ सगळंच पीएमधून येतं. छोट्या जागेत तसं नसतं, ड्रमला कधी कधी माईकच लावत नाहीत कारण गरजच नसते, ड्रमर रंगात आला की जवळच्या माणसाच्या कानाशी 100 डेसिबल सहज ओलांडले जातात. आता गायिकेचा विचार करा. तिच्या गळ्याला ना कातडं ताणलेलं ना मागे अँप, तुमच्यापर्यंत पोचायला तिच्याकडे पीए हा एकच रस्ता. आणि पीएचे स्पीकर तोंड करून असतात मागच्या लोकांकडे, तुमच्या डोक्यावरून. तुम्ही स्टेजला चिकटून उभे होतात म्हणजे स्पीकरच्या बगलेत किंवा चक्क मागे होतात. शब्द कळायला जे वरचे सूर लागतात, स श त थ वगैरे, ते स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जातात, बाजूला फारसे वळत नाहीत. त्यात गिटारचा अँप नेमका तुमच्या छातीवर रोखलेला असणार. मग तुम्हाला काय ऐकू आलं असेल ते मी न येताही सांगू शकते.

लोक म्हणतात मग तिचा आवाज वाढवायचा ना. अहो वाढवला की शिट्टी! माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तोच परत माईकमध्ये शिरतो, परत बाहेर येतो, आणि एका ठराविक पातळीच्या वर गेलं की ती कान फाडणारी किंचाळी सुरू होते. सोरेन लार्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला लार्सन इफेक्ट म्हणतात, आम्ही फीडबॅक म्हणतो आणि घाम पुसतो. खोली जेवढी लहान तेवढा माईक आणि स्पीकर जवळ, तेवढी ही पातळी लवकर येते. त्यात काही गायक स्टाइल म्हणून माईकची जाळी मुठीत धरतात, माईक मागून येणारा आवाज कमी घेईल अशी जी रचना आत केलेली असते तिचं वाटोळं होतं आणि तो सगळीकडून आवाज ओढायला लागतो. म्हणजे छोट्या जागेत त्या रात्री आवाज किती असणार हे मी ठरवत नाही, ड्रमर ठरवतो, आणि मी गायिकेला कशीबशी त्याच्या वर ठेवायचा प्रयत्न करत असते.

अजून एक भानगड आहे. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज बसवून बघणं, होतो तेव्हा खोली रिकामी असते. मग तुम्ही शंभर जण आत येता आणि तुमची अंगं आणि कपडे मधले आणि वरचे सूर पिऊन टाकतात, बेस मात्र बऱ्यापैकी तसाच राहतो, त्यामुळे दुपारी छान बसवलेला आवाज रात्री अचानक जाडजूड आणि मंद होतो. पहिली दोन गाणी आम्ही पण चाचपडतच असतो. तेवढ्यावरून बँड बेकार आहे असं ठरवू नका प्लीज.

तर कुठे उभं राहायचं? मिक्सरच्या आसपास, त्याच्या थोडं पुढे. आम्ही जे ऐकतो त्यावरूनच आवाज बसवतो, त्यामुळे आमच्या शेजारी उभं राहणाऱ्याला फुकटात सगळ्यात बरा आवाज मिळतो. कोपरे टाळा, तिथे बेस साठतो. पण पुढे जायचंच नाही असं मी म्हणणार नाही हं, कारण बोटं कशी फिरतायत, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या पेडलवर कधी लाथ बसते, ड्रमर आणि बेसवाला एकमेकांकडे बघून कशी खूण करतात, हे छोट्या गिगमध्येच दिसतं आणि ते पुढूनच दिसतं. आधीची दोन-तीन गाणी बघायला पुढे, मग ऐकायला मागे. आणि पाच जण असलात तर चुकामूक झाल्यावर भेटायची जागा आधीच ठरवा, त्या गोंगाटात फोन लावून काही होत नाही.

प्रश्न : गिगवरून आलो की रात्रभर कानात कुईंsss असा आवाज येत राहतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जातो. मित्र म्हणतात तीच तर मजा आहे. एकदा इयरप्लग घातले तर सगळ्यांनी आजोबा आजोबा म्हणून चिडवलं, शिवाय सगळं उशीतून ऐकल्यासारखं वाटलं म्हणून काढून टाकले. नेहमी बरं होतंच ना, मग काळजी करू का नको? (आजोबा, वय 24)

उत्तर : आजोबा, करा. ती कुईं म्हणजे कानाने घातलेली हाक आहे.

कानाच्या आत, शंखासारख्या भागात केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण 15 हजार, बास. आयुष्यभराचा स्टॉक तेवढाच. माणसात त्या मेल्या की परत उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, म्हणून ऐकू कमी येतं, कुईं येते, मग दिवसभरात बऱ्याच सावरतात आणि तुम्हाला वाटतं झालं बरं. पण 2009 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की ऐकणं मोजमापात पुन्हा नॉर्मल आलं तरी या पेशी आणि नस यांच्यातले जोड मात्र कायमचे तुटले होते. म्हणजे ‘बरं होतंच ना’ यावर विसंबून राहण्यात फार अर्थ नाही.

आता गणित बघा. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या संस्थेची मर्यादा आहे 85 डेसिबलला 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1, 97 ला अर्धा तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. छोट्या खोलीतला रॉक बँड 100 च्या आसपास आरामात असतो आणि तुम्ही तिथे दोन तास उभे असता. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये गाण्याच्या जागांसाठी जी मानकं काढली त्यात 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, प्रेक्षकांना कानाचं संरक्षण मिळेल अशी सोय ठेवा, आणि जरा वेळ बसायला शांत कोपरा ठेवा असं सांगितलंय. शांत कोपरा छोट्या जागेत कुठला असायला, पण मधेच दहा मिनिटं बाहेर जाऊन उभं राहणं हा पण कोपराच.

उशीतून ऐकल्यासारखं का वाटलं ते सांगते. तुम्ही बहुतेक फोमचे प्लग घातले. ते वरचे सूर जास्त कापतात, खालचे कमी, म्हणून झांजा गायब आणि बेस शिल्लक. वादकांसाठी वेगळे, फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळेच सूर साधारण सारखे कमी करतात, म्हणजे गाणं तेच राहतं फक्त कुणीतरी व्हॉल्यूम खाली घेतल्यासारखं. खरं सांगायचं तर छोट्या खोलीत ते घालून शब्द जास्त नीट कळतात, कारण कान दडपून गेलेले नसतात. फोमचेच असतील तर नुसते कानाच्या तोंडाशी खोचू नका, बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. आणि घालायचे तर पहिल्या गाण्याच्या आधी. कुईं सुरू झाल्यावर घालणं म्हणजे पावसात भिजून घरी आल्यावर छत्री उघडणं.

कुईं दोन दिवसांच्या वर राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं तर मात्र दोन दिवसही थांबू नका, लगेच जा, त्यात उशीर महागात पडतो. आणि मित्रांना सांगा की द हू या बँडचा पीट टाउनशेंड आणि कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन, दोघांनीही कानातल्या या आवाजाच्या त्रासाबद्दल उघडपणे सांगितलंय. आजोबा म्हणवून घ्या हो, खरे आजोबा व्हाल तेव्हा नातवंडांचं बोलणं ऐकू येईल.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधला एक मित्र गिगमध्ये अखंड बोलतो. मेन बँडला तरी जरा गप्प असतो, पण आधी जो कुणी नवीन कलाकार वाजवतो त्याच्या वेळी तर घरच्या गप्पा, ऑफिसच्या गप्पा, सगळं मोठ्याने. परवा एक मुलगी एकटीच गिटार घेऊन गात होती, तिने गाताना आमच्याकडे बघितलं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला सांगितलं तर म्हणतो गाणं लाउड आहे, कुणाला ऐकू जातंय. (मेल्याहून मेलेली)

उत्तर : सगळ्यांना ऐकू जातंय. मलाही ऐकू जातं, आणि त्या मुलीला तर सगळ्यात जास्त, कारण तिचं तोंड तुमच्याकडे आहे.

तुमच्या मित्राला मी अगदी नालायक म्हणणार नाही कारण त्याला स्वतःला कळतच नसतं तो किती जोरात बोलतोय. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये हे मांडलं, आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो, ठरवून नाही. मग शेजारचा ग्रुप तुमच्या वर चढवतो, तुम्ही त्यांच्या वर. मागे उभी राहून मी हे दर वेळी बघते, एका कोपऱ्यात सुरू होतं आणि दोन मिनिटांत अख्खी खोली बाजार. आणि मग गाणं एकदम हळू होतं, गिटारची एकच तार राहते, आणि त्या शांततेत कुणाच्यातरी बॉसचं नाव खोलीभर घुमतं.

समजवायचं कसं? गाणं चालू असताना श्शू करू नका, त्याला लाज वाटेल आणि लाज वाटलेला माणूस अजून बोलतो. आधीच ठरवा, बोलायचं ते चेंजओव्हरमध्ये, म्हणजे एक बँड सामान उचलतो आणि दुसरा लावतो तेव्हा, चांगली पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्याहून अर्जंट असेल तर हाताला धरून बाहेर न्या. आणि एक करून बघा, पुढच्या वेळी जायच्या आधी सुरुवातीच्या कलाकाराची दोन गाणी ग्रुपवर टाका. ओळखीचं गाणं लागलं की बडबड्या माणूससुद्धा ‘अरे हे ते’ म्हणून गप्प होतो. तो आज आधी वाजवणारा आहे ना, त्याला अर्धा तास मिळालाय, साउंडचेक बहुतेक धड झालेला नाही, आणि समोरचा एकही माणूस त्याच्यासाठी आलेला नाही. सगळ्या खोलीत सगळ्यात अवघड काम त्याचं चाललंय.

प्रश्न : माझी मैत्रीण पूर्ण गिग मोबाईलवर शूट करते आणि घरी आल्यावर ऐकलं तर नुसता खर्रखर्र. चांगलं रेकॉर्डिंग कसं करायचं? आणि मागच्यांना त्रास होतो का? (कॅमेरावालीची सखी)

उत्तर : होतो, कारण अंधारात ती एक पेटलेली पाटी स्टेजच्या मधोमध तरंगत असते. खर्रखर्र का, तर मोबाईलचा इवलासा माईक बोलण्यासाठी बनलाय, ड्रमसमोर तो ओसंडून जातो आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही ॲपने शिवता येत नाही. मागे यायचं, स्पीकरपासून लांब, स्क्रीनचा उजेड अगदी खाली, फ्लॅश बंद, मोबाईल छातीच्या उंचीवर, आणि एकच गाणं. खालचा माईक बोटाने झाकला जात नाहीये ना ते बघायचं, अर्ध्या लोकांचं तिथेच चुकतं. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये एक अभ्यास छापला होता, म्युझियममध्ये ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त. म्युझियम आणि गिग एक नाही मान्य, पण मैत्रिणीला विचारून बघा की मागच्या गिगचं शेवटचं गाणं कुठलं होतं, मोबाईल न उघडता.

प्रश्न : इंडी म्हणजे नक्की काय? हळू गिटार, उदास आवाज आणि ढगळ कपडे? (गोंधळलेला)

उत्तर : कपडे ऐच्छिक आहेत. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या आधाराशिवाय काढलेलं संगीत. बझकॉक्स या इंग्लिश बँडने 1977 च्या सुरुवातीला आपली पहिली रेकॉर्ड स्वतःच्याच लेबलवर काढली, ते बघून अनेकांना कळलं की अरे आपल्यालाही जमेल. 1980 मध्ये ब्रिटनमध्ये इंडीचा वेगळा चार्ट सुरू झाला, त्यात गाणं कसं वाजतं हे बघतच नव्हते, रेकॉर्ड दुकानात कुणामार्फत पोचली एवढंच बघत होते. पुढे पुढे शब्दाचा अर्थ घसरत घसरत उदास आवाजापर्यंत आला. त्यामुळे वाद घालायचा असेल तर दोन्ही बाजू बरोबर, घाला खुशाल.

प्रश्न : बँडमधली मुलगी माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही सहा जण जाणार आहोत, तिला गेस्ट लिस्टवर टाक म्हणायला हरकत काय? आम्ही त्यांची गाणी रोज ऐकतो, शेअर पण करतो, सपोर्ट तर करतोच ना. (हक्काचे पाहुणे)

उत्तर : हक्काचे आहात म्हणूनच तिकीट काढा. छोट्या गिगला बऱ्याचदा बँडला ठरलेली रक्कम नसते, दारावर जेवढी तिकिटं गेली त्यातला वाटा मिळतो. साठ लोकांच्या रात्रीत तुम्ही सहा जण म्हणजे दहावा हिस्सा, गेलात की फुकट आत. मैत्रीण तोंडावर नाही म्हणणार नाही, पण बँडमधल्या बाकीच्यांसमोर तिची काय पंचाईत होते ती मी सामान आवरताना ऐकलेली आहे.

रोज ऐकता हे छानच, पण त्यातून त्यांच्या हातात काय पडतं ते बघा. स्पॉटिफायवर 2024 पासून नियम आहे, एखादं गाणं मागच्या 12 महिन्यांत 1000 वेळा वाजलं नसेल तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. तुम्ही सहा जणांनी मिळून कितीही घासलं तरी एकाच गाण्याचे हजार करायला दम लागेल, आणि झाले तरी हातात येते ती चिल्लर. त्यापेक्षा दाराजवळच्या टेबलावर जे टी-शर्ट, कॅसेटी, स्टिकर मांडलेले असतात त्यातलं काहीतरी घ्या. नेटवरून घ्यायचं तर बँडकँपसारखी जागा बरी, डिजिटल विक्रीतले ते सुरुवातीला 15 टक्के ठेवतात, टी-शर्ट वगैरेवर 10, पेमेंटचा खर्च वेगळा, उरलेलं बँडला. पैसे नसतील तर तेही ठीक आहे, टेबलावर एक तास बसायला माणूस हवाच असतो, विचारा तिला. खूष होईल.

प्रश्न : जवळच्या मित्राचा पहिलाच गिग. सगळा ग्रुप गेलो. ताई, भयंकर होतं. बेसूर, ताल सुटलेला, दोन गाणी मधेच थांबवून परत सुरू केली. संपल्यावर तो घामाने निथळत आमच्याकडे आला आणि म्हणाला कसं वाटलं? बाकीचे सगळे ‘कडक कडक’ म्हणाले, मी नुसती मान हलवली. आता त्याचा मेसेज आलाय की तू काहीच बोलली नाहीस. काय लिहू? (मान हलवणारी)

उत्तर : अवघड आहे, पण सगळ्यांनी कडक म्हटल्यावर त्याचा मेसेज नेमका तुम्हालाच आला हे लक्षात घ्या. त्याला माहितीये. दोन गाणी थांबवली हे त्याच्याएवढं कुणालाच लक्षात राहिलेलं नाही.

एक गोष्ट आधी त्याच्या बाजूने. बेसूर होता त्यातला थोडा भाग कदाचित त्याचा नव्हता. स्टेजवर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यायला पायाशी एक स्पीकर ठेवलेला असतो, मॉनिटर, छोट्या जागेत तो कधी कधी नावालाच असतो. स्वतःचं ऐकू आलं नाही की माणूस ओरडायला लागतो आणि सूर हलतो. ताल सुटला त्याचं पण तसंच असू शकतं, एकमेकांचं ऐकूच येत नसेल. किंवा तालीम कमी पडली असेल, तेही होतं. ‘तुला स्वतःचा आवाज ऐकू येत होता का रे?’ असं विचारा. हा खरा प्रश्न आहे, त्यात टोमणा नाही, आणि गिगनंतर कुठल्याही वादकाला या विषयावर तासभर बोलता येतं.

मग एक चांगली गोष्ट सांगा, पण नेमकी. कडक नाही, भारी नाही. तिसऱ्या गाण्याची सुरुवात, किंवा तो थांबल्यावर हसून ‘परत घेतो’ म्हणाला ते, जे काय तुम्हाला खरंच आवडलं ते. शोधलं तर काहीतरी सापडतंच, मी शेकडो वाईट गिग ऐकलेत, पूर्ण शून्य क्वचित असतं. चुकांची यादी त्याने स्वतःहून विचारली तरच, आणि ती रात्री नाही, निदान चार दिवसांनी, मेसेजवर तर मुळीच नाही, भेटून.

आणि दुसऱ्या गिगला नक्की जा, ग्रुपमधले बाकीचे कडकवाले तेव्हा गळालेले असतील. संपल्यावर सामान उचलायला मदत करा, अँप जड असतो, दोघं लागतात. फक्त केबल आवरायला घेतलीत तर ती कोपराभोवती गुंडाळू नका, आतल्या तारेला पीळ पडतो आणि पुढच्या गिगला ती मधेच खरखरते. सैल वेटोळी करायची, एक सुलटं एक उलटं. येत नसेल तर मिक्सरपाशी या, दाखवते.